टोकियोतील आपले सुशीघर : निवडीपासून निरोपापर्यंत

नोकरीनिमित्त जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांची संख्या आता लहान राहिलेली नाही. टोकियोच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशी-कासाई स्थानकाच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथे पुण्यामुंबईहून आलेले संगणक अभियंते सहज भेटतात. त्यांच्याकडे येणारे आईवडील, मित्र आणि हौशी प्रवासी यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, की सुशी खायला जायचे कुठे. उत्तरादाखल नामांकित दुकानांच्या याद्या पुढे केल्या जातात, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी आठवडेच्या आठवडे आधी जागा राखून ठेवावी लागते. माझे मत वेगळे आहे. टोकियोत चांगले जेवायचे असेल, तर राहत्या जागेच्या जवळचे, एका कुटुंबाने चालवलेले, आठदहा खुर्च्यांचे सुशीघर शोधावे आणि पुन्हा पुन्हा तिथेच जावे. अशा दुकानाला जपानी लोक ‘माचिझुशी’ म्हणतात. ते कसे निवडावे, आत गेल्यावर काय करावे, काय मागवावे, कसे खावे आणि हळूहळू ते आपले कसे होते, हे इथे क्रमाने मांडले आहे.

आधी दुकानांचे प्रकार ओळखावेत

सुशीची दुकाने ढोबळमानाने तीन थरांत मोडतात. सर्वांत स्वस्त थर फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचा, म्हणजे ‘काइतेनझुशी’चा. ही पद्धत शिराइशी योशिआकी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळच्या हिगाशी-ओसाका इथे सुरू केली. आता यांतल्या बऱ्याच दुकानांत टेबलावरच्या पडद्यावर बोट ठेवून मागणी नोंदवायची असते आणि बशी थेट आपल्यासमोर येऊन थांबते. भाषा येत नसेल, लहान मुले सोबत असतील किंवा माशांची नावे आणि चवी यांची तोंडओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवातीला इथेच जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसऱ्या टोकाला एका माणसामागे तीसचाळीस हजार येन किंवा त्याहूनही अधिक घेणारी दुकाने आहेत. टोकियोच्या गिंझा भागातील ‘सुकियाबाशी जिरो’ हे त्यांतले जगभर माहीत असलेले नाव. सर्वसामान्य लोकांसाठी तिथे थेट आरक्षणाची सोय नसल्यामुळे २०१९ मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेने त्या दुकानाला आपल्या यादीतून वगळले. अशा ठिकाणचा अनुभव मोठा असतो, यात शंका नाही. परंतु जिथे वर्षातून एकदाही जाणे जमत नाही, ते दुकान आपले होऊ शकत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये माचिझुशी येते. दुपारच्या जेवणाला साधारण एक ते दोन हजार येन आणि रात्री नेमका संच घेतल्यास साधारण दोन ते चार हजार येन असा इथला खर्च असतो. गाळ्यामागे, म्हणजे गिऱ्हाईक ज्या लांब फळीसमोर बसते तिच्यामागे, मालक स्वतः मासा कापतो, चहा आणि हिशेब बहुधा घरातले दुसरे कोणी पाहते, आणि गिऱ्हाईक त्याच गल्लीतले असते.

दुकान निवडताना काय पाहावे

घरापासून किंवा उतरण्याच्या ठिकाणापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असलेल्या दुकानांचाच विचार करावा. वारंवार जायचे असेल तर अंतर हा चवीइतकाच महत्त्वाचा मुद्दा ठरतो. दारावर ‘नोरेन’ नावाचा आखूड कापडी पडदा टांगलेला असेल तर दुकान उघडे आहे असे समजावे. तो आत घेतलेला असेल तर दिवा चालू दिसला तरी दार सरकवू नये.

पहिली भेट दुपारची असावी. बहुतेक दुकाने साडेअकरा ते दोनच्या दरम्यान दुपारचा संच देतात. त्याची किंमत बाहेरच्या पाटीवर लिहिलेली असते आणि रात्री गाळ्यामागे उभा राहणारा हातच बहुधा दुपारीही सुशी वळत असतो. थोड्या पैशांत दुकानाची पारख करण्याचा याहून चांगला मार्ग नाही. आत पाऊल टाकताच माशाचा उग्र वास आला तर परत फिरावे. ताज्या मासळीच्या आणि स्वच्छ लाकडाच्या दुकानात भाताच्या सिरक्याचा सौम्य गंध येतो, दुसरा येत नाही. मालक प्रत्येक माशानंतर पाट आणि सुरी पुसतो का, तेही पाहावे. आणखी दोन गोष्टी दुकानाची पातळी सांगतात : कोहादा आणि तामागो. कोहादा हा तारलीच्या गोत्रातला लहानसा स्वस्त मासा असून त्याला मीठ आणि सिरका किती वेळ लावायचा, हे माशाचा आकार, त्यातली चरबी आणि त्या दिवसाची हवा पाहून ठरवावे लागते. तामागो म्हणजे अंड्याची थरांची गोडसर वडी. महाग ट्यूना कोणीही विकत आणू शकतो, पण या दोन पदार्थांमागे कामाची शिस्त लागते.

वाराचाही विचार करावा. टोकियोची मुख्य मासळी बाजारपेठ १९३५ पासून त्सुकिजी इथे होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये घाऊक बाजार तिथून तोयोसूला हलला. हा बाजार रविवारी आणि काही बुधवारी बंद असतो. त्यामुळे अनेक सुशीघरांची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी असते, आणि जी त्या दिवशी उघडी असतात तिथे आदल्या दिवशीचा माल असण्याची शक्यता अधिक. काही माशांची चव एकदोन दिवस मुरवल्यावरच खुलते, तेव्हा आदल्या दिवसाचा माल म्हणजे वाईट माल असे मात्र समजू नये.

आरक्षण आणि पूर्वतयारी

दुपारी बहुधा आरक्षण लागत नाही. रात्रीसाठी फोन करावा किंवा दुपारी जेवून निघतानाच विचारून ठेवावे. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण चेहरा ओळखीचा झालेला असतो. किती माणसे, किती वाजता, गाळ्यासमोर की टेबलावर, आणि काय खात नाही, एवढी माहिती त्याच वेळी द्यावी. ऐनवेळी खुर्चीत बसल्यावर ‘कोळंबी चालत नाही’ असे सांगितले, तर मालक नम्रपणे मान डोलावतो, पण त्याने आखलेला क्रम मोडतो.

दिलेली वेळ पाळावी आणि जाणे रद्द झाले तर लगेच कळवावे. आठ खुर्च्यांच्या दुकानात चार माणसे न सांगता आली नाहीत, तर त्या रात्रीची अर्धी कमाई बुडते आणि सकाळी आणलेला मासा वाया जातो. परदेशी गिऱ्हाइकांचे आरक्षण घेण्यास काही दुकाने कचरतात, त्यामागे हा अनुभव असतो. आपल्यामागून येणाऱ्या मराठी माणसाला ते दार उघडे राहावे, एवढ्यासाठी तरी ही शिस्त मनापासून पाळावी.

जाताना अत्तर किंवा तीव्र वासाचे तेल लावू नये. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला माशाचा मंद सुगंध मिळेनासा होतो. रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण लहान दुकानांत कार्ड चालेलच असे नाही. मनगटातले जाड कडे आणि धातूचे मोठे घड्याळ काढून ठेवणेही बरे. गाळ्याची फळी पुष्कळदा हिनोकीच्या मऊ लाकडाची असते आणि तिच्यावर ओरखडा उमटला की तो कायमचा राहतो.

आत गेल्यावर

दार सरकवताच आतून ‘इराश्शाइमासे’ असे स्वागत होईल. त्याला शब्दांत उत्तर देण्याची गरज नसते. किंचित मान लववावी, बोटांनी माणसांची संख्या दाखवावी आणि जागा दाखवेपर्यंत दाराशी थांबावे. रिकामी दिसेल ती खुर्ची आपण होऊन घेऊ नये. बसल्यावर ‘ओशिबोरी’ म्हणजे ओलसर गरम रुमाल मिळतो. त्याने फक्त हात पुसावेत. तोंड आणि मान पुसण्याची आपली सवय इथे आवरावी, कारण सुशी हाताने खायची असेल तर हाच रुमाल शेवटपर्यंत बोटांसाठी लागतो.

फोन फळीवर ठेवू नये. छायाचित्र काढायचे असेल तर आधी विचारावे, शेजारी दिसणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि एकदोन क्षणांत ते आटपावे. दुकानात चटईची खोली असेल तर तिच्या कडेलाच बूट काढून त्यांची टोके बाहेरच्या दिशेने वळवावीत.

मागवण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत ठरीव संचाची, म्हणजे ‘ओकिमारी’. यात ‘नामी’, ‘जो’ आणि ‘तोकुजो’ अशा चढत्या पायऱ्या असतात, किंमत लिहिलेली असते आणि सात ते दहा नग येतात. दुसरी ‘ओकोनोमी’, म्हणजे एकेक नग आपल्या मनाप्रमाणे मागणे. तिसरी ‘ओमाकासे’, म्हणजे सगळी निवड मालकावर सोपवणे. परदेशी माणसाने ओमाकासेच घ्यावे असा सल्ला सर्रास दिला जातो, पण पहिल्या भेटीत मला तो पटत नाही. मालकाला आपली आवड माहीत नसते आणि आपल्याला त्याचा दर. दुपारी ‘जो’ संच घ्यावा. रात्री पुन्हा संचच घेऊन त्यानंतर दोनतीन नग वेगळे मागवावेत. ओमाकासे तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीसाठी राखावे. तेव्हाही ‘इतक्या येनपर्यंत’ असे आधी सांगण्यात काही वावगे नाही. उलट मालकाला त्याने सोयच होते. भिंतीवरच्या पाटीवर माशापुढे आकड्याऐवजी ‘जिका’ असे लिहिले असेल तर त्या दिवसाच्या बाजारभावाप्रमाणे दर लागेल. तो विचारून घ्यावा.

ओकोनोमीने मागवताना सौम्य चवीकडून गडद चवीकडे जावे. ताइ किंवा हिरामे यांसारख्या पांढऱ्या माशांनी आरंभ करावा, मग इका म्हणजे माकूळ घ्यावे, त्यानंतर ट्यूनाचा लाल भाग आणि त्याहून स्निग्ध असा चुतोरो. पुढे कोहादा आणि बांगड्याच्या कुळातला साबा हे सिरक्यातले मासे. शेवटाकडे साल्मनची अंडी, समुद्री साळिंदराचे उनी, आणि वाम जातीचा, गोडसर रस लावलेला अनागो. सर्वांत शेवटी तामागो किंवा समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भात वळून केलेली एखादी गुंडाळी. हा नियम कडक नाही, परंतु चरबीचा मासा आधी खाल्ला की नंतर आलेल्या पांढऱ्या माशाची चव जिभेला सापडत नाही, हे कारण लक्षात ठेवले तर क्रम आपोआप पाळला जातो.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला इथे एक आनंद जादा मिळतो. सावारा हा मासा आपल्या सुरमईच्याच प्रजातिसमूहातला आहे. इवाशी म्हणजे तारली, एबी म्हणजे कोळंबी, आणि ट्यूना तर आपल्याकडे कुपा म्हणून बाजारात येतोच. ज्याने लहानपणापासून बाजारात कल्ले उचलून मासळी पारखली आहे, त्याने काचेमागचे मासे न्याहाळून एखाद्याविषयी विचारले, तर मालकाची कळी खुलते. ‘क्यो नो ओसुसुमे वा नान देसु का’, म्हणजे आज काय घ्यावे, एवढे एक वाक्य पाठ करून जावे.

मासा कच्चा असला तरी नुसता कापून भातावर ठेवलेला क्वचितच असतो. हाताने वळलेली ‘निगिरी’ १८२० च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली आणि तिचे श्रेय बहुधा हानाया योहेइ यांना दिले जाते. तेव्हा बर्फ सर्रास मिळत नव्हता. म्हणून ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवणे, पांढरा मासा कोम्बू या समुद्री शेवाळात गुंडाळून ठेवणे, चांदीसारख्या कातडीच्या माशांना मीठ-सिरका लावणे आणि अनागो शिजवणे अशा टिकवण्याच्या युक्त्या निघाल्या. शीतपेट्या आल्यावरही त्या टिकल्या, कारण त्यांनी चव वाढते. भातातही फरक असतो : काही दुकाने साके या तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून केलेला लालसर सिरका वापरतात आणि तिथला भात फिकट तपकिरी दिसतो.

खाण्याची रीत

निगिरी हाताने खाल्लेली चालते, चॉपस्टिकनेही चालते. मराठी माणसाला हात सोयीचा, आणि मलाही हाताने खाणेच योग्य वाटते, कारण चांगल्या दुकानातला भात इतका सैल वळलेला असतो की चॉपस्टिकच्या चिमटीत तो फुटतो. नग अलगद आडवा करावा, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरावा आणि माशाची बाजू सोया सॉसला हलकेच टेकवावी. भाताची बाजू कधीही बुडवू नये. तो रस शोषून खारट होतो आणि बशीतच विखुरतो. पुष्कळ ठिकाणी मालक स्वतःच माशावर कुंचल्याने रस लावून देतो आणि मग सॉसची बशी पुढे येतच नाही. वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी मासा आणि भात यांच्यामध्ये आधीच असते, म्हणून सॉसमध्ये वेगळी कालवू नये. नको असेल, विशेषतः मुलांसाठी, तर मागवतानाच ‘साबी-नुकी’ सांगावे.

संपूर्ण नग एकाच घासात घ्यावा. अर्धा तोडून बशीत परत ठेवू नये. मोठा वाटत असेल तर भात कमी करण्याची विनंती करावी, ती आनंदाने मानली जाते. आणि नग समोर आला की तो लगेच खावा. भात जवळपास अंगाच्या उष्णतेइतका कोमट असतो, मासा थंड असतो, आणि त्या दोहोंचा मेळ थोडाच वेळ टिकतो. माझ्या मते गाळ्यासमोर बसण्याचे सगळे सार याच एका गोष्टीत आहे. टेबलावर थाळीतून एकदम आलेल्या दहा नगांपैकी शेवटचा नग पहिल्यासारखा लागत नाही. गाळ्यासमोर मात्र प्रत्येक नग आपल्यासाठी, आपल्या वेगाने वळला जातो. बोलण्याच्या नादात तो पडून राहिला तर मालक काही बोलत नाही, पण पुढचा नग वळायला थांबतो.

सिरक्यात मुरवलेल्या आल्याच्या पातळ चकत्यांना ‘गारी’ म्हणतात. एक मासा संपला आणि दुसरा यायचा आहे, अशा वेळी एक चकती चघळावी. ती सुशीवर ठेवून खाऊ नये. चहा गरम आणि तुरट असतो, त्याने जिभेवरची चरबी धुतली जाते, आणि तो पाहिजे तितका पुन्हा मिळतो.

चॉपस्टिकच्या बाबतीत दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात : त्या भातात उभ्या रोवणे, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणे. पहिली रीत मृताला वाढलेल्या भाताची आहे आणि दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. आपल्या ताटातला पदार्थ दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो त्याच्या बशीत ठेवावा.

कच्च्या मासळीविषयी शंका असणाऱ्यांसाठी थोडे. समुद्री माशांत आनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो आणि तो सिरका किंवा वासाबी यांनी मरत नाही. उणे २० अंश सेल्सियसला २४ तास गोठवल्याने किंवा पुरेसे शिजवल्याने मरतो. निष्णात दुकानदार मासा साफ करताना बारकाईने तपासतो. तरीही गर्भवती स्त्रियांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशांनी कच्चे टाळून अनागो, उकडलेली कोळंबी आणि तामागो एवढ्यावर राहावे. गर्भवती स्त्रियांनी मोठ्या ट्यूनाचे प्रमाण पाऱ्यामुळेही मर्यादित ठेवावे.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर

मराठी घरांत ही अडचण हमखास येते आणि तिचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. सुशीघरात शाकाहारी माणसाचे पोट भरू शकते, पण पूर्ण शाकाहाराची खात्री तिथे सहजासहजी मिळत नाही. याचे कारण ‘दाशी’ आहे. जपानी स्वयंपाकाचा हा पायाभूत अर्क बहुधा कोम्बू आणि ‘कात्सुओबुशी’, म्हणजे धुरावलेल्या वाळक्या बोनिटो माशाच्या कागदासारख्या पातळ चकत्या, यांपासून काढतात. टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये ‘उमामी’ ही चव ओळखली ती कोम्बूच्या अर्कातून, तेव्हा केवळ शेवाळाचा अर्कही चविष्ट होतो. मात्र दुकानात तो माशासकटच असतो असे धरून चालावे. मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, वाफवलेले अंड्याचे चावानमुशी, तळलेल्या तोफूवरचा रस, तेम्पुरा या तळणाबरोबरची रसाची वाटी, सोबाच्या थंड शेवयांबरोबरचे बुडवण, या सगळ्यांत दाशी येते. अंडे खाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की पारंपरिक तामागोत दाशी आणि कधी कोळंबीची किंवा माशाची वाटलेली पेस्ट असते.

यातून उरते ते असे. काकडीची ‘काप्पामाकी’ ही सर्वांत निर्धोक. पिवळ्या लोणचवलेल्या मुळ्याची गुंडाळी, उमे या आंबट फळाची आणि शिसो या सुगंधी पानांची गुंडाळी, आणि आंबवलेल्या सोयाबीनची नात्तोमाकी हे पुढचे पर्याय. नात्तोचा चिकटपणा आणि वास मात्र सगळ्यांना सोसत नाही, आणि त्याच्याबरोबरच्या तयार रसातही दाशी असू शकते. ‘कांप्योमाकी’त घातलेल्या गोडसर पट्ट्या आपल्या दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळापासून वाळवून केलेल्या असतात आणि जपानमधले बहुतेक कांप्यो तोचिगी प्रांतात होते. ती आणि तोफूच्या तळलेल्या पिशवीतली ‘इनारी’ शिजवताना दाशी वापरली आहे का, हे विचारावे. ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देसु.’ म्हणजे मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही, ही दोन वाक्ये जपानी लिपीत लिहून जवळ ठेवावीत आणि आरक्षणाच्या वेळीच कळवावीत. ओळखीच्या दुकानात मालक आधी सांगितल्यास वांगे, शिताके अळंबी किंवा कोवळ्या मुळ्याच्या अंकुरांची निगिरी खास करून देतो. अनोळखी दुकानात गर्दीच्या वेळी ही अपेक्षा धरू नये. एकच सुरी आणि एकच पाट माशासाठी वापरलेला असतो, हेही ज्यांना चालत नाही त्यांनी सुशीघरात न जाणेच श्रेयस्कर.

त्यांच्यासाठी जपानमध्ये ‘शोजिन र्योरी’ ही बौद्ध मठांतली पाककला आहे, आणि ती तडजोड म्हणून नव्हे, तर मुद्दाम वाट वाकडी करून खावी अशी आहे. दाशी इथे कोम्बू आणि शिताकेची असते. कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही ती बहुतांशी चालते. मात्र मुळा, कमळकाकडी, गोबो अशी कंदमुळे असल्याने जैन नियमांत ती सगळी बसत नाही. क्योटोत तेन्र्यू-जी मठाच्या आवारातले ‘शिगेत्सु’ यासाठी प्रसिद्ध आहे. वाकायामा प्रांतातील कोयासान इथे कूकाई या बौद्ध भिक्षूंना ८१६ मध्ये मठासाठी जागा मिळाली आणि आजही तिथल्या मठांत मुक्काम करून तिळाचे तोफू, गोठवून वाळवलेले कोया-दोफू असे जेवण मिळते. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा २०१५ मध्ये उभा राहिल्यापासून महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्यांना आणखी एक कारण मिळाले आहे.

हिशेब आणि निरोप

जेवण संपले की ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’ म्हणावे. ‘ओआइसो’ हा शब्द बाजूच्या खुर्चीवरून ऐकू आला तरी तो दुकानातल्या माणसांचा आहे, आपण वापरू नये. दुकानात बसून खाल्ल्यास १० टक्के उपभोग कर लागतो, बांधून नेल्यास ८ टक्के. ही तफावत ऑक्टोबर २०१९ पासून आहे. बक्षिसी देऊ नये. पैसे मागे ठेवून निघालात तर ते विसरले असे समजून कोणीतरी रस्त्यापर्यंत धावत येईल. रक्कम पुढे केलेल्या छोट्या तबकात ठेवावी. चहा संपल्यावर रेंगाळू नये, विशेषतः दाराशी माणसे थांबली असतील तर. निघताना मालकाकडे पाहून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणावे. कौतुकाची इतर वाक्ये येत नसली तरी चालते, हे मात्र चुकवू नये.

दुकान आपले होण्यासाठी

दुसरी भेट पहिल्यानंतर दोनतीन आठवड्यांच्या आत व्हावी, म्हणजे चेहरा लक्षात राहतो. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वाराला, संध्याकाळी दुकान उघडताच जावे. त्या तासाभरात मालकाला बोलायला सवड असते. मागच्या वेळी काय आवडले होते ते नावानिशी सांगावे. हे सर्वांत परिणामकारक ठरते, कारण त्यावरून मालक आपल्या जिभेचा अंदाज बांधतो आणि पुढच्या वेळी त्याच अंगाने दुसरे काही पुढे करतो.

ऋतूप्रमाणे जाणे हा नियमित गिऱ्हाइकाचा खरा लाभ आहे. वसंताच्या अखेरीस उत्तरेकडे निघालेला कात्सुओ, म्हणजे बोनिटो मासा, हलक्या चवीचा असतो आणि शरदात तोच चरबी साठवून परततो. कोहादाची कोवळी पिल्ले, ज्यांना ‘शिनको’ म्हणतात, उन्हाळ्यात थोडे दिवसच मिळतात. एका निगिरीसाठी दोन किंवा अधिक पिल्ले लागतात, साफ करण्याचे काम नाजूक असते, आणि टोकियोतले शौकीन त्यांची वाट पाहतात. थंडीत ‘बुरी’ हा चरबीदार मासा घ्यावा. एका वर्षात चारदा एकाच खुर्चीत बसणाऱ्याला समुद्राचे वर्षचक्र समजते. चार वेगळ्या नामांकित दुकानांत एकेकदा जाणाऱ्याला ते समजत नाही.

ओमाकासेची वेळ येते ती इथे. तोवर मालकाला माहीत झालेले असते की या गिऱ्हाइकाला सिरक्यातले मासे आवडतात, उनी फारसे आवडत नाही आणि भात थोडा कमी लागतो. महाराष्ट्रातून परतताना बंद वेष्टनातली थोडी मिठाई नेली तर ती मोठ्या आदराने स्वीकारली जाते. ती दुकान उघडण्याच्या सुमारास द्यावी, गर्दीत नव्हे. पाहुण्यांना घेऊन जायचे असेल तर संख्या आणि त्यांचे खाण्याचे नियम आदल्या आठवड्यात सांगावेत, प्रथमच कच्चा मासा खाणाऱ्याला आपल्या शेजारी, मालकाच्या समोरच्या खुर्चीवर बसवावे, आणि त्याच्यासाठी पहिला नग शिजवलेल्या कोळंबीचा मागवावा.